परमुलखाची चूल, आपल्या गावची चव

संध्याकाळी सातच्या सुमारास बोईसर स्टेशनबाहेर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. एका गाडीवर वडापाव, दुसऱ्या गाडीवर अंडाभुर्जी, पलीकडे समोसा-जिलेबी, कोपऱ्यावर चहा आणि बेकरीतून येणारा ताज्या पावाचा वास. कारखान्यातून सुटलेला थकलेला माणूस यांपैकी कुठेतरी थांबतो, दोन घास खातो, घोटभर चहा पितो आणि त्याच्या जिवात जीव येतो.

आता एक साधा प्रश्न. या पदार्थांपैकी मूळचा पालघरचा पदार्थ कोणता? पाव पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून आली, तीही त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून. चहाची सवय इंग्रजांच्या अमदानीत लागली. समोसा मध्य आशिया व इराणकडून उत्तर हिंदुस्थानात आणि तेथून इकडे आला. तरीही यांतला एकही पदार्थ आज आपल्याला परका वाटत नाही. थकल्यावर, आजारातून उठल्यावर किंवा घरापासून दूर असल्यावर मन ज्या घासाकडे धावते, तो घास अशा रीतीने बाहेरून येऊनच आपला झाला आहे.

या पानावर आपण नेहमी भाव, कर आणि कर्जाविषयी वाचतो. आज आम्ही हा विषय घेतला तो कारोबाराच्या दृष्टीने. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची रोजी बेकरी, हॉटेल, बिर्याणीची देग, मटणाचे दुकान आणि चहाची टपरी यांवर चालते. बाहेरचा पदार्थ एखाद्या गावात कसा रुजतो आणि कशामुळे टिकतो, हे समजून घेतले तर त्याचा उपयोग थेट गल्ल्यावर होईल.

किनाऱ्यावरचे जुने पाहुणे

आपला किनारा पूर्वीपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे केळवे-माहीम आणि तारापूरचे किल्लेही त्यांच्याकडे होते. १७३९ साली मराठ्यांनी हा मुलुख जिंकून घेतला. पोर्तुगीज गेले, पण पाव गेला नाही. त्या काळी पाव फुगवायला लागणारे खमीर इकडे मिळत नसे, तेव्हा येथल्या ताडामाडाच्या ताडीने पीठ आंबवले जाई. म्हणजे पदार्थ बाहेरचा, पण त्याला फुगवणारी वस्तू येथली. आज बेकरीत तयार यीस्ट वापरतात, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. पण रुजण्याची पहिली पायरी कशी असते ते यावरून कळते.

दुसरे उदाहरण पारशी बांधवांचे. त्यांचे पूर्वज इराणमधून येऊन संजाणला उतरले, असे त्यांची परंपरा सांगते. हे संजाण डहाणू, घोलवड, बोर्डी आणि उंबरगाव ओलांडले की लागते. तारापूर हेही पारशांचे जुने गाव. एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या निजामाच्या राज्यात सावकारी करणारे विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू मूळचे येथलेच. आता पारशांची ‘पात्रानी मच्छी’ पाहा. पापलेट, ओला नारळ, हिरवी कोथिंबीर आणि केळीचे पान. इराणच्या कोरड्या पठारावर नारळही नाही आणि केळीचे पानही नाही. साहित्य सगळे आपल्या किनाऱ्याचे. हात आणि पद्धत मात्र त्यांची. सातपाटीचे पापलेट आणि केळव्याचा नारळ ज्याच्या रोजच्या पाहण्यातला आहे, त्याला हा पदार्थ परका कसा वाटेल?

तिसरे पाहुणे इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणमधील दुष्काळ, गरिबी आणि छळ यांमुळे बरेच लोक मुंबईकडे आले. त्यांत झरथोस्ती होते, तसे मुसलमानही होते. काहींनी डहाणू-घोलवडकडे चिकूच्या बागा केल्या. चिकूसुद्धा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. पण २०१६ साली ‘डहाणू-घोलवड चिकू’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले! बाकीच्यांनी मुंबईत चहाची हॉटेले काढली. १९०४ चे कयानी आणि १९१४ चे मेरवान ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

इराण्याच्या यशाचे रहस्य चहात जितके होते, तितकेच त्याच्या धंद्याच्या रीतीत होते. हॉटेल भल्या पहाटे उघडे. एक ब्रुन-मस्का आणि एक चहा घेऊन गिरणीकामगार असो वा कारकून, निवांत बसू शके. कोणी उठवत नसे. खोलीत दहा-दहा जणांनी राहणाऱ्या परगावच्या माणसाला बसायला जागा मिळणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे ही हॉटेले एकेक करून बंद पडली. जागांचे भाव वाढले, मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली आणि बापाचे कसब पुढच्या हाती गेले नाही. आपल्या हॉटेलवाल्या बांधवांनी हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे.

अणुवीज आणि एमआयडीसी

बोईसर-तारापूरचा आजचा चेहरा घडला तो गेल्या साठ वर्षांत. १९६९ साली तारापूर अणुविद्युत केंद्र सुरू झाले. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. त्यासाठी निरनिराळ्या राज्यांतून अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगार आले. पुढे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कापड, रसायने, औषधे आणि पोलाद यांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल, राजस्थान अशा मुलुखांतून माणसे आली. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने घाटावरची व इतर जिल्ह्यांतली कुटुंबेही पालघर शहरात राहायला आली.

यांतला प्रत्येकजण आपल्या गावाची चव जिभेवर घेऊन आला. बिहारी कामगाराला सत्तू आणि लिट्टी-चोखा हवा. बंगाली व ओडिया माणसाला नदीतल्या माशाची ओढ. म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याला आंध्रातून बर्फात येणारे रोहू-कतला हवे असतात. दाक्षिणात्याला इडली-डोसा, राजस्थानी माणसाला कचोरी. आणि उत्तरेकडच्या मुसलमान कारागिराला तंदुरी रोटी, सालन आणि निहारी.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमानांचे घरचे जेवण म्हणजे भात, मासे आणि तांदळाची भाकरी. तंदूर, रुमाली रोटी आणि सीख कबाब हे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातले नाहीत. ते उत्तरेकडच्या उस्तादांनी आणले. मालेगाव आणि भिवंडी येथे १८५७ नंतर आझमगड-बनारसकडचे मोमीन विणकर आले, तेव्हाही असेच झाले. मागाबरोबर त्यांची देगही आली. आज तेथे कोणाला विचारा, ही चव तो गावचीच म्हणून सांगेल.

पदार्थ रुजतो कसा?

आलेला प्रत्येक पदार्थ रुजत नाही. काही पदार्थ त्या-त्या मुलुखाच्या खोल्यांतच शिजतात आणि तेथेच संपतात. काही मात्र रस्त्यावर येतात आणि सगळ्या गावाचे होतात. असे का होते? आमच्या मते तीन गोष्टी जुळाव्या लागतात: माल, वेळ आणि खिसा.

पहिली गोष्ट माल. पदार्थ येथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून तयार झाला पाहिजे. ताडीने फुगलेला पाव आणि केळीच्या पानातले पापलेट ही उदाहरणे वर आलीच. मालावर कायद्याचाही परिणाम होतो. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून निहारी व कबाबवाल्यांना म्हशीच्या किंवा बकऱ्याच्या मांसावर हिशोब बसवावा लागला. ज्यांनी मसाला, वेळ आणि भाव यांचा नव्याने मेळ घातला, ते टिकले. मांस परवानाधारक दुकानातून घ्यावे आणि त्याची पावती जपून ठेवावी, हेही या निमित्ताने सांगतो.

दुसरी गोष्ट वेळ. निहारी हे नाव अरबी ‘नहार’, म्हणजे दिवस, या शब्दावरून आले आहे. रात्रभर मंद आचेवर नळीचे मांस शिजवायचे आणि सकाळी खायचे. आता कारखान्याची पाळी पाहा. तीन पाळ्यांच्या कारखान्यांत सहसा सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ ला माणसे बदलतात. रात्रपाळी करून सकाळी ७ वाजता सुटलेल्या माणसाची ती जेवणाची वेळ असते. ज्या घटकेला इतर हॉटेलांत फक्त चहा-बिस्किट मिळते, त्याच घटकेला निहारीची देग उतरते. पदार्थ जुना, पण तो कारखान्याच्या भोंग्याला बरोबर जुळला.

तिसरी गोष्ट खिसा. वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे सांगितले जाते. बटाटेभाजी आणि पाव दोन्ही आधीपासून होतेच. घाईत असलेल्या, हातात थोडेच पैसे असलेल्या माणसाला उभ्याउभ्या खाता येईल असा त्यांचा जोड वैद्यांनी लावला. पाव येथे ताट झाला आणि चमचाही झाला.

असाच प्रकार परदेशातही घडला. १९६१ साली तुर्कस्तान आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि हजारो तुर्की मजूर जर्मनीतील कारखान्यांत गेले. त्यांच्या देशात डोनर कबाब ताटात, भात किंवा रोटीबरोबर खाल्ला जाई. बर्लिनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही तुर्की दुकानदारांनी तो पावात भरून विकायला सुरुवात केली. त्यांतले एक कादिर नूरमान. त्यांनी १९७२ साली हे केले, असे मानले जाते. त्यांनी पाहिले ते एवढेच, की बर्लिनचा माणूस चालता-चालता खातो. आज जर्मन माणूस डोनरला आपल्याच शहराचे खाणे समजतो. परदेशातून मजुरीसाठी आलेल्या माणसांनी यजमानाच्या जिभेवर जागा मिळवली, ती गिऱ्हाइकाची घाई आणि खिसा ओळखून.

आपल्या घरचे काय?

बाहेरचे आले म्हणजे घरचे गेलेच पाहिजे, असे नाही. पण आपण हलगर्जी केली तर जाते. वारली, कातकरी, कोकणा या आदिवासी बांधवांची नागलीची भाकरी आणि आंबील. सातपाटी-मुरब्याच्या कोळ्यांचे बोंबील आणि सुकट. कोकणी मुसलमानांची तांदळाची भाकरी आणि माशाचे सालन. हे सगळे आपल्या जिल्ह्याचे मायेचे अन्न. बोईसरच्या हॉटेलांत ते शोधून पाहावे, सहज सापडणार नाही. कारखान्यात काम करणारा डहाणू-विक्रमगडचा आदिवासी तरुणही दुपारी वडापाव खातो, कारण त्याच्या घरचे अन्न कोणी विकतच नाही. उत्तरेकडच्या माणसाने आपल्या चवीचा बाजार उभा केला. आपण आपल्या चवीला घरातच बसवून ठेवले. यात दोष त्याचा नाही.

आमच्या एखाद्या बांधवाने तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि डाळ असे साधे, स्वस्त ताट दुपारी ३ च्या पाळीला देऊन पाहावे. माल जवळचा, किंमत खिशाला झेपणारी, वेळ ठरलेली. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांना हे ताट उतरते. भाकरी थापणाऱ्या भगिनींनाही त्यातून घरबसल्या काम मिळेल.

२०२० चा धडा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कारखाने थांबले, हॉटेले बंद झाली आणि कामगार मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले. पुढे खास रेल्वेगाड्यांतून हजारो लोक परतले. खाद्यधंद्याला त्या काळात दुहेरी फटका बसला. गिऱ्हाईक गेले आणि कारागीरही गेला. आवश्यक सेवा म्हणून बेकरी चालू ठेवता येत होती, तेथेही प्रश्न उभा राहिला, की पीठ मळणार कोण? ज्या मालकाला स्वतःला खमीर कळत होते, त्याने मुलाला हाताशी घेऊन थोडा का होईना माल काढला. जो फक्त गल्ल्यावर बसत होता, त्याची भट्टी थंड पडली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, हुन्नर मालकाच्या घरातही असला पाहिजे. दोन, ज्या परमुलखातल्या कारागिराच्या हातावर आपला धंदा उभा आहे, त्याला माणूस म्हणून वागवले पाहिजे. त्याचा पगार वेळेवर, झोपायची जागा स्वच्छ, आजारपणात विचारपूस. इमानदार मालकाकडे कारागीर परत येतो.

व्यवहाराच्या काही सूचना

१. पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावा. आसपासच्या कारखान्यांच्या पाळ्या कधी बदलतात हे विचारून लिहून ठेवा. सुटणारा माणूस जेवण मागतो, कामावर जाणारा हलके खाणे आणि डब्यात नेण्यासारखे काही मागतो. एकाच घटकेला दोन निराळी गिऱ्हाइके दारात असतात.

२. पगाराची तारीख पाहून देग चढवा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत बिर्याणी आणि मटण चालते. शेवटच्या दहा दिवसांत डाळ-भात, अंडे आणि पाव. तीसही दिवस तोच माल तेवढाच शिजवणारा शेवटी उरलेले फेकतो. अन्न वाया घालवणे हा तोटाही आहे आणि गुन्हाही.

३. वजनाचा हिशोब शिका. बेकरीचे साधे उदाहरण घ्या. एक किलो मैद्यात सुमारे ६०० मिली पाणी, मीठ, साखर, तेल आणि खमीर मिळून अंदाजे १,६५० ग्रॅम पीठ होते. ४५ ग्रॅमचा गोळा धरला तर ३६ पाव, म्हणजे सहा-सहाच्या सहा लाद्या. भाजताना साधारण दहावा हिस्सा वजन घटते आणि पाव ४० ग्रॅमचा उतरतो. कारागिराचा हात सैल पडून गोळा ५० ग्रॅमचा झाला तर किलोला ३३ पावच मिळतील. ५० किलोच्या पोत्यामागे १५० पाव कमी. उलट कोणी लबाडीने गोळा ४० ग्रॅमचा केला तर पोत्यामागे २५० पाव जास्त निघतील. पण गिऱ्हाइकाच्या हाताला ते महिनाभरात कळते आणि तो समोरच्या बेकरीत जातो. म्हणून काटा वापरा. मापात चोख राहणे हा आपला दीनही आहे आणि धंद्याचे भांडवलही.

४. इंधनाचा विचार आजच करा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या प्रश्नावर लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. मुंबईच्या बेकरीवाल्यांची मोठी धावपळ झाली. नवी भट्टी बांधायचा विचार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात घेऊनच पैसा गुंतवावा. लाकडाच्या भट्टीची चव आम्हालाही प्रिय आहे. पण घाईत, नोटीस हाती पडल्यावर केलेला बदल दुप्पट महाग पडतो.

५. कागद पूर्ण ठेवा. गाडी असो वा हॉटेल, अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागतेच. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे; स्थानिक संस्थेने केलेल्या सर्वेक्षणात आपले नाव असणे महत्त्वाचे. कागद नसलेल्या माणसाला हक्काची भाषा बोलता येत नाही.

६. पाककृती वहीत लिहा. मसाल्याचे वजन, पाण्याचे माप, आच किती वेळ, हे सगळे. उस्तादाच्या डोक्यातले कसब त्याच्याबरोबर गावाला जाते. वहीतले दुकानात राहते. त्याची परवानगी घेऊन, त्याचा मान राखून हे काम करावे.

पुढची लाट दारात आहे

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे. त्यांची मासेमारीची जागा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी पणाला लागली आहे, हे आपण विसरता कामा नये. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली, हेही याच तालुक्याने पाहिले आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्टेशन बोईसरला होत आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत पुन्हा नव्या मुलुखांतली माणसे येथे येतील आणि आपापली भूक व आठवणी घेऊन येतील.

त्यांना जेवायला कोण घालणार? मोठ्या भांडवलाची साखळी हॉटेले येतीलच. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आपुलकीने ‘भाई, बसा’ म्हणणे त्यांच्या दरपत्रकात नसते. ते आपल्याकडे आहे. येणाऱ्याला परका म्हणून हिणवणाराही त्याच्याच गावाहून आलेला पाव चहात बुडवून खात असतो! त्याची चव शिका, आपली चव त्याला द्या, माप चोख ठेवा. आणि सातपाटी-मुरब्याच्या मासळीवाल्या भगिनीकडून आपल्या हॉटेलसाठी रोज चार किलो मासळी घ्यायला विसरू नका. ती टिकली तरच या किनाऱ्याची चव टिकेल.